आपापली वीत

विरारच्या एका इमारतीत तळमजल्यावर माझा गाळा आहे. तिथल्या मुली कापलेल्या तुकड्यांचं नवं पाकीट फोडलं की थेट मशीनवर बसायला बघतात. मी बसू देत नाही. आधी सगळे तुकडे सतरंजीवर ओतायचे, तुकड्यावर तुकडा ठेवून बघायचा, जुळतील त्यांच्या थप्प्या करायच्या, मग शिलाई. "मॅडमची पूजा मांडली," असं त्या एकमेकींना म्हणतात, मला ऐकू जाईल अशा बेताने. पाकिटावर माप छापलेलं असतं, मग पुन्हा काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. मी आठवीतच शाळा सोडलेली बाई, मला वाद घालता येत नाही. आता चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण बोटाखालून तुकडा सरकला की तो शेजारच्यापेक्षा केसभर जास्त आहे हे अजून कळतं. हे कळणं मला आचोळ्याच्या एका हॉलमध्ये मिळालं, आणि मिळताना माझी पाचावर धारण बसली होती. तेवढंच इथे लिहिते आहे.

आचोळ्याचा तो हॉल वहिनींच्या घरातला. वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. आमच्या गावचा, माण तालुक्यातला, एकजण त्यांच्या यजमानांच्या ऑफिसात शिपाई होता. मला नववीसाठी रोज जाता येईल अशी शाळा जवळपास नव्हती, म्हणून त्याने माझ्या वडिलांना, आप्पांना, सुचवलं की पोरगी घरात मदत करील आणि शिवणकामही शिकेल. वहिनी मूळच्या मालवणकडच्या. यजमान सकाळी मुंबईला गेले की हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायच्या, सतरंजी अंथरायच्या, आणि दोन मशीनींचा गोधड्यांचा व्यवसाय सुरू व्हायचा. बाळंतिणीला द्यायच्या लहान गोधड्या हे मुख्य काम. "गणपतीपर्यंत बघते," त्यांनी आप्पांना माझ्यासमोरच सांगितलं होतं. "हात बसला तर ठेवून घेते. नाही तर मीच आणून सोडीन, काळजी करू नका." आप्पा मला पोचवून परत निघाले तेव्हा जिन्यात हळूच म्हणाले, "इथं जमलं तर आत्याच्या पाहुण्यांना मी नाही म्हणून सांगतो. नाही जमलं तर मग माझ्याकडं काय बोलायला उरत नाही, सुमन." आत्याने आणलेलं ते स्थळ माझ्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं आणि त्यांना घाई होती. आप्पा वाईट नव्हते. त्यांना फक्त कुणाला तरी सांगण्यासारखं एक कारण हवं होतं, आणि ते कारण मी व्हायचं होतं.

त्या घराने मला खूप दिलं. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले, तर वहिनींनी हाताला धरून टेबलाशी आणलं. कुळथाची पिठी आणि तांदळाची मऊ भाकरी होती. मला बाजरीची सवय, त्या भाकरीने पोट भरल्यासारखंच वाटेना, पण सांगायची हिंमत नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्यात बाजरीचं पीठ दिसलं. मला पंख्याखालची जागा मिळाली. रात्री अंगावर घ्यायला वहिनींनी स्वतःच्या लग्नातली चादर दिली. आणि एवढं सगळं मिळत असूनही, किंवा मिळत होतं म्हणूनच, मी दिवसभर कान टवकारून असायची. वहिनींचा मोबाईल वाजला की माझा पाय मशीनवर थांबायचा. "हो, बरी आहे," एवढंच त्या बोलल्या तरी ते "बरी" नेमकं कसं म्हटलं, यावर मी संध्याकाळपर्यंत विचार करत बसायची. सकाळी पाववाल्याचा भोंगा, मग सोसायटीचा पाण्याचा पंप, मग शेजारच्या मशीनची घरघर. या आवाजांमध्ये एखादा आवाज चुकला की मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

चुकत तर होतंच. माझी आई गोधडी शिवायची तेव्हा जुनं धोतर अंथरायची आणि त्यावर हाताला येईल तो तुकडा ठेवत जायची, एकाची कड दुसऱ्याखाली दडपून. लहानमोठं काही नसायचंच. वहिनींची रीत निराळी. वसई पूर्वेच्या एका कपडे कापणाऱ्या गाळ्यातून चौकोन कापलेले पुडे यायचे, ते कडेला कड लावून शिवायचे, आणि चार चौकोन भेटतात तिथे चारही कोपरे एका ठिपक्यावर यायला हवेत. वहिनींचा सगळा अभिमान त्या ठिपक्यात होता. माझे कोपरे भेटायचे नाहीत. एक चौकोन संपायचा तेव्हा शेजारचा अजून शिल्लक असायचा. मी ओढून, ताणून बसवायची, आणि गोधडी जमिनीवर टाकली की मध्येच फुगून उभी राहायची, खाली मांजर बसल्यासारखी. "ही गोधडी आहे की तंबू," वहिनी म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या मशीनशेजारी, जमिनीवर, हिरूबाई बसायच्या. खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातल्या, वयाने आईपेक्षा मोठ्या. शिवून झालेल्या गोधडीवर हाताने धावदोरा घालायचं काम त्यांचं. माझे हात पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, ह्ये हात हाय का सूप?" माझे हात खरंच मोठे. कांदे काढून काढून रुंद झालेले, लांब बोटांचे. घरी आत्या म्हणायची, या हातांत बांगडी चढवताना कासार पळून जाईल. मी ते ओढणीखाली लपवायची, पण मशीनवर हात लपवता येत नाहीत. तंबूच्या दिवशी वहिनी आत गेल्यावर हिरूबाईंनी पुड्यातला वरचा एक आणि तळचा एक चौकोन काढून माझ्या मांडीवर एकमेकांवर ठेवले. तळचा चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता. "कापनारा लय घड्या एकदम कापतं. पातं कलतं. वरचा बारका, खालचा मोठा. पुडा हाय तसा कोन शिवतं का? आदी येगले कर." वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ऐकत होत्या. त्या पुढे म्हणाल्या, "आणि तरी थोडा फरक राहिला तर मोठा तुकडा खाली घालायचा, मशीनच्या दातांकडे. दात खालचं कापड गोळा करत नेतात. वरून ओढायचं नाही, सुमन. तू ओढतेस." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी वेगळे करू लागले. कोपरे थोडे थोडे भेटू लागले. पण गणपती जवळ येत होते, आणि आप्पांचा फोनही.

अशात गिरीजच्या फिलूमावशी आल्या. वाडीतली केळी, नारळ विकणारी बाई, साठीच्या पुढची, अंगाने काटक. वहिनींच्या भाजीबाजारातल्या ओळखीच्या. त्यांनी आधी सुक्या पानात बांधलेली वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी काढून माझ्या हातात दिली आणि मग एक गाठोडं सतरंजीवर ठेवलं. त्यांची आई, त्यांच्या शब्दांत आय, पावसाळ्याआधी वारली होती. तिची लाल चौकड्यांची लुगडी मुली-सुनांनी वाटून घेतली होती. आता नातीच्या बाळाचा बाप्तिस्मा येत्या रविवारी होता, आणि चर्चमधून आल्यावर बाळाला आयच्या लुगड्यांच्या गोधडीवर ठेवायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. "तुला कापायचा त्रास नको म्हणून आम्हीच कापून आणलंय," फिलूमावशी वहिनींना म्हणाल्या. "घरोघरी फोन केला मी. आपापलं लुगडं घ्या, चौकोन काढा आणि पाठवा. नुसतं जोडायचं काम आहे तुझं." त्या निघताना दारात वळल्या. "सांभाळून हां. दुसरं काही नाही तिचं आमच्याकडे."

वहिनींनी हे काम स्वतःकडे घेतलं. मी बाळगोधड्या शिवत होते, पण लक्ष तिकडेच. पहिली ओळ त्यांनी शिवली आणि मशीन थांबलं. मी वळून बघितलं. लाल पट्टी टेबलावरून खाली लोंबत होती आणि सापासारखी वळली होती. वहिनींनी टेप घेतली, एक चौकोन मोजला, दुसरा मोजला, आणि टेप ठेवून दिली. "प्रत्येकाचं माप निराळं," त्या म्हणाल्या. त्यांनी ओळ उसवायला घेतली. दोन टाके निघाले आणि तिसऱ्याला कापड चिरत गेलं, आवाजसुद्धा न करता, जुनं सुती कापड जातं तसं. सुईच्या भोकाभोकातून चीर थेट चौकोनाच्या पोटापर्यंत. वहिनींनी हात वर घेतले, तापलेल्या तव्याला लागावेत तसे. हिरूबाईंची सुई हवेतच थांबली. मग आम्हा तिघींनाही कळलं की हे कापड एकदाच शिवता येईल. जे शिवलं ते राहील. उसवायचं म्हटलं तर फाटेल.

वहिनींनी फिलूमावशींना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. शेवटी शेजारच्या कुणाला निरोप ठेवला. मग त्या सतरंजीवर बसल्या आणि ढिगातला सगळ्यात लहान चौकोन शोधून काढला. बाकीच्या तुकड्यांपुढे तो अगदीच लहान होता. "दुसरा इलाज नाही," त्या म्हणाल्या. "सगळे याच्या मापाचे कापते. गोधडी लहान होईल. होऊ दे." त्यांनी मोठी कात्री घेतली, लहान चौकोन एका मोठ्यावर ठेवला, खडूने रेघ ओढली. बाहेर उरलेली पट्टी चांगली दोन बोटं रुंद होती. कात्रीचं तोंड उघडलं. आणि मी म्हणाले, "वहिनी, थांबा."

मी त्या घरात तोवर कुणाला थांबा म्हटलं नव्हतं. माझाच आवाज मला परका वाटला. वहिनींनी वर बघितलं. त्यांचे डोळे लाल होते आणि त्या नजरेत मला एकदम गावाकडची बस, जिन्यात उभे आप्पा, आत्याचे पाहुणे, सगळं दिसलं. "काय थांबा?" त्या म्हणाल्या. "रविवार थांबणारे का?"

"मी आधी वेगळे करून बघते," मी म्हणाले. "मग कापा तुम्ही."

"मापच नाहीये त्यांना, वेगळे काय करणार?"

"करू द्या की," हिरूबाई खाली बघूनच म्हणाल्या. "च्या पी तू तवर. तुजं त्वांड बग कसं झालंय."

वहिनींनी कात्री खाली ठेवली नाही, पण मिटली. मी बसले. पहिले दोन-तीन चौकोन नुसते इकडचे तिकडे केले. कापडाला खोबरेल तेलाचा आणि पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. मग एकावर एक दोन चौकोन अगदी बरोबर बसले. चारही कडा. मी ते बाजूला ठेवले. थोड्या वेळाने त्यांच्यावर तिसरा बसला. चौथा बसेना, पण तो दुसऱ्याच एकावर बसला. हळूहळू सतरंजीवर थप्प्या उभ्या राहिल्या. थप्पीथप्पीत फरक होता, पण एका थप्पीच्या आत फरकच नव्हता. मला हे विचित्र वाटलं. कलत्या पात्याने कापलेल्या पुड्यात लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे आकार असतात, पायऱ्या असतात. इथे पायऱ्या नव्हत्या. वहिनी पुढे वाकून बघत होत्या. चहा तसाच गार झाला होता.

तेवढ्यात फिलूमावशी आल्या, धापा टाकत, रिक्षा खाली थांबवून. "काय झालं? कशाला बोलावलं?" वहिनींनी काही न लपवता फाटलेला चौकोन त्यांच्यापुढे धरला. फिलूमावशींनी तो घेतला आणि चिरीवरून अंगठा फिरवला. मग त्यांची नजर सतरंजीवरच्या थप्प्यांवर गेली. त्या खाली बसल्या. एका थप्पीवर त्यांनी उजवा पंजा पसरला. अंगठ्याचं टोक एका कडेला, करंगळीचं टोक दुसऱ्या कडेला. नेमकं.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

"तुमची म्हणजे?"

"माझी वीत. मी सगळ्यांना सांगितलं होतं, एकेक वीत चौकोन काढा." त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या, यात न समजण्यासारखं काय आहे अशा नजरेने. "आमच्यात टेप कोण शोधत बसतं, बाय? ही पापडीला दिलेल्या धाकट्या बहिणीची, तिचे हात लांब. ही आयच्या सुनेची." मग सगळ्यात लहान थप्पीवर त्यांनी हात ठेवला आणि बोटं दुमडून आत घेतली, मुठीसारखी. "ही आमच्या थोरलीची, तेरेझाची. सांधे धरलेत तिचे. बोटं उघडतच नाहीत. तरी कापलंय बघ तिने."

वहिनींनी ज्याच्या मापाने रेघ ओढली होती तो लहान चौकोन त्याच थप्पीतला होता. त्यांनी कात्री मशीनच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी सरकवली. मग त्यांनी डोकं चालवलं, आणि ते त्यांचंच डोकं होतं, मला सुचलं नसतं. एकीच्या थप्पीची एक ओळ. ओळीच्या आत सगळे सारखे, म्हणून ओळ सरळ. ओळी लांबीला कमीजास्त होतील, तिथे कडेला साध्या लाल कापडाची पट्टी जोडायची. आधी शिवलेली ती वाकडी ओळ तशीच सगळ्यांत खाली जाईल. "पण जोड एकमेकांसमोर येणार नाहीत," त्या म्हणाल्या. हे म्हणताना त्यांना किती जड गेलं ते मला आणि हिरूबाईंनाच माहीत. "कोपरे भेटणार नाहीत, मावशी. काम वेडंवाकडं दिसेल."

"आम्ही बहिणी तरी कुठे एका रांगेत उभ्या राहतो," फिलूमावशी म्हणाल्या. "फोटो काढणारा दमतो."

राहता राहिला फाटलेला चौकोन. तो फिलूमावशींच्याच ओळीतला. त्यांनी गाठोड्याचं फडकं उचललं. चौकोन ज्यात बांधून आणले होते ते फडकंही लुगड्याचंच होतं, उरलेल्या पदराचं. ते त्यांनी झटकलं आणि माझ्यापुढे टाकलं. "घे. काढ एक."

"मापाला तुमचा हात हवा ना," मी म्हणाले.

"माझे आहेत की तिथे इतके. वेगळे कुणी केले? तू. तुझी वीत घाल."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी खडू पुढे केला. मी लाल चौकड्यांवर पंजा ठेवला. इतक्या जणींसमोर तो पसरायची मला लाज वाटत होती. बोटं उघडली आणि सगळ्या हसल्या, फिलूमावशी सगळ्यांत आधी. माझी वीत पापडीच्या लांब हातांच्या धाकटीपेक्षाही मोठी निघाली. "मी म्हटलं नव्हतं, सूप हाय," हिरूबाई म्हणाल्या. मी घाईघाईने म्हणाले, "मी कापून बारका करते, तुमच्या ओळीच्या मापाचा." फिलूमावशींचं हसू थांबलं. "थोरलीचा वाढवला का कुणी? मग तुझा का कापायचा? बसव तसाच."

आज माझ्या हाताखालून किती गोधड्या गेल्या त्याचा हिशेब नाही, पण कुठल्याही शिलाईची भीती त्या एका कडेएवढी वाटली नाही. मोठा चौकोन शेजारच्या लहान चौकोनाला जोडायचा, चुरगळू द्यायचा नाही, आणि उसवायची सोय नाही. वहिनींनी मला त्यांच्या स्वतःच्या मशीनवर बसवलं. "सुरुवात, शेवट आणि मध्य. तिथे टाचण्या लाव," त्या म्हणाल्या. मी लावल्या. मधलं जास्तीचं कापड दोन्हीकडे सैल झोळीसारखं लोंबत होतं. माझा चौकोन खाली, दातांकडे. लहान वर. फिलूमावशी रिक्षावाल्याला सोडून पुन्हा वर आल्या आणि सतरंजीवर पाय पसरून बसल्या. मी चाक हाताने फिरवलं आणि पहिला टाका घातला.

त्याच वेळी वहिनींचा मोबाईल वाजला. मी बघितलं नाही, पण ती वेळ कुणाची ते मला माहीत होतं. आठवड्याच्या त्या दिवशी, त्या सुमाराला, आप्पा गावातल्या दुकानातून फोन करायचे. पाय थांबणार होता. थांबला असता तर सुई कापडात अडकून राहिली असती आणि झोळी एकाच जागी गोळा झाली असती. मी पाय थांबवला नाही. ओढलंही नाही. हात नुसते दोन्ही बाजूंना ठेवले, एखाद्याला पाठीवर हात ठेवून चालवत न्यावं तसे, आणि खालचे दात ते जास्तीचं कापड एकेक टाक्यात आत घेत गेले.

"हां, आप्पा," वहिनी माझ्या पाठीमागे फोनवर बोलत होत्या. पलीकडे आप्पा काय विचारत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण ठाऊक होतं. वहिनी थोड्या थांबल्या. मधली टाचणी आली, मी ती काढली. झोळी निम्मी संपली होती.

"नाही, आत्ता फोन देता येणार नाही तिला," वहिनी म्हणाल्या. "तिच्या हातात काम आहे. आणि ते पाहुण्यांचं विचारत होतात ना, त्यांना तुम्हीच सांगून टाका. आमच्याकडची मुलगी आम्हाला मोकळी करता येत नाही म्हणावं."

शेवटच्या टाचणीपाशी दोन्ही कडा एकत्र आल्या. मी दोरा तोडला आणि जोड उलटा करून बघितला. एकही चुणी नव्हती. हिरूबाईंनी हात पुढे केला, "आन इकडं," आणि जोड पक्का व्हावा म्हणून गोधडी पुरी व्हायच्या आधीच त्या त्यावर धावदोरा घालायला बसल्या.